वजन कमी करायच्या ऑपरेशनचे पैसे इन्शुरन्स कधी देतो आणि फाइल कुठे अडते

माझ्या ताईची फाइल पहिल्यांदा परत आली ती तीन सेंटिमीटरसाठी. तिची उंची १६० सेंटिमीटर, वजन ९२ किलो, डायबिटीस जुना, आणि त्या दिवशी उंची मोजताना तिच्या पायात जाड सोलचे बूट होते, ते काढा असं कोणी म्हटलं नाही आणि तिलाही सुचलं नाही, कागदावर गेलं १६३. आता हिशोब बघा. बीएमआय म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. १.६० चा वर्ग २.५६, ९२ ला त्याने भागलं की येतं ३५.९. उंची १.६३ धरली तर वर्ग होतो २.६६ आणि उत्तर येतं ३४.६. तिच्या पॉलिसीत अट होती ३५ ची. झालं, नकाराचं पत्र आलं आणि दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही.

ते सगळं निस्तरताना मी पॉलिसीची पानं, गाइडलाइन्स, नियम असं बरंच वाचलं, दहा ठिकाणी फोन केले, आणि एक गोष्ट लक्षात आली की मंजुरी देणारा माणूस पेशंटला कधीच भेटलेला नसतो. त्याला ताईचा चढलेला श्वास दिसत नाही, रात्री झोपेत दचकून उठणं दिसत नाही, त्याच्यासमोर फक्त कागद असतात आणि एक अटींची यादी असते. त्यामुळे त्रास खरा असूनही कागदावर नसेल तर फाइल परत येते. हे ऑपरेशन अजून दोन वर्षं लांब आहे असं वाटत असेल तरीही आज वाचून ठेवा, कारण जे कागद लागतात त्यातले बरेचसे ऑपरेशन ठरायच्या कितीतरी आधी तयार व्हावे लागतात.

सगळ्यात आधी पॉलिसीत हे ऑपरेशन बसतंच का ते बघायचं. बऱ्याच जणांची गाडी इथेच चुकते. लठ्ठपणा म्हणजे खाण्यापिण्याची सवय, माणसाने स्वतः सांभाळायची गोष्ट, असंच इन्शुरन्सवाले वर्षानुवर्षं धरून चालले होते, आणि म्हणून वजनाशी संबंधित काहीही असलं की ते 'काय मिळणार नाही'च्या यादीत जायचं. हळूहळू ते बदललं. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी योजनेने २००६ मध्ये ठरावीक अटींवर बेरिअॅट्रिक सर्जरी, म्हणजे हेच वजन कमी करायचं ऑपरेशन, मान्य केली, तिथल्याच डॉक्टरांच्या सगळ्यात मोठ्या संघटनेने, अमेरिकन मेडिकल असोसिएशनने, २०१३ मध्ये लठ्ठपणा हा आजार आहे असं जाहीर केलं. भारतात आयआरडीएआय म्हणजे विमा नियामकाने २०१९ मध्ये आरोग्य पॉलिसींमधल्या वगळायच्या गोष्टींची भाषाच एकसारखी करून दिली आणि त्यात लठ्ठपणाच्या ऑपरेशनसाठी अटी लिहून टाकल्या.

या भारतातल्या कलमाबद्दल थोडं जास्त सांगते कारण ते वाचताना लोक फसतात. ते कलम एक्सक्लुजनच्या म्हणजे वगळलेल्या गोष्टींच्या यादीत आहे, शीर्षक 'लठ्ठपणा, वजन नियंत्रण' असं आहे, आणि माणूस शीर्षक वाचूनच म्हणतो की जाऊ दे, आपल्याला नाही मिळणार. पण खाली वाचलं तर लिहिलंय की पुढच्या सगळ्या अटी पूर्ण न करणाऱ्या ऑपरेशनचा खर्च मिळणार नाही. म्हणजे अटी पूर्ण केल्या तर हे कलम तुमच्या आड येत नाही. अटी अशा की डॉक्टरांचा सल्ला हवा, ऑपरेशन मान्य वैद्यकीय पद्धतीला धरून हवं, वय १८ पूर्ण हवं, आणि बीएमआय ४० किंवा जास्त हवा, नाहीतर ३५ किंवा जास्त आणि सोबत एखादा गंभीर आजार हवा, तोही वजन कमी करायचे सौम्य उपाय करून झाले आणि फसले त्याच्यानंतर. नकाराच्या यादीतलं कलम असं शेवटपर्यंत वाचायचं, आपल्या देशातली पॉलिसी असो की परदेशातली.

काही पॉलिसींमध्ये मात्र हे ऑपरेशन सरळ सरळ वगळलेलं असतं, कुठल्याही अटीवर मिळत नाही. नोकरीतून मिळालेल्या ग्रुप पॉलिसीत तर मालकाने जे विकत घेतलं तेवढंच असतं, त्यामुळे त्याच कंपनीचा इन्शुरन्स असलेल्या दोन माणसांपैकी एकाला मिळतं आणि दुसऱ्याला नाही, म्हणून 'माझ्या ओळखीतल्याला त्याच कंपनीने दिलं' यावर विसंबून राहू नका. पूर्ण पॉलिसीचं डॉक्युमेंट मागा, चार पानी माहितीपत्रक नको, सगळी पानं. पूर्ण वगळलेलं असेल तर कितीही चांगले रिपोर्ट जोडले तरी उपयोग नसतो, तेव्हा मालकाकडे म्हणजे एचआरकडे पुढच्या वर्षीच्या पॉलिसीत हे घ्या अशी लेखी मागणी करायची किंवा दुसरी पॉलिसी बघायची, एवढेच रस्ते उरतात. वगळल्यामुळे आलेला नकार आणि अटी पूर्ण होत नाहीत म्हणून आलेला नकार, यांची औषधं पूर्ण वेगळी आहेत.

आता ४० आणि ३५ हे आकडे. हे आले १९९१ मधून. त्या वर्षी अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने तज्ज्ञांची एक परिषद घेतली आणि ठरवलं की बीएमआय ४० च्या वर असेल किंवा ३५ च्या वर असून सोबत वजनामुळे झालेला मोठा आजार असेल तर ऑपरेशनचा विचार करावा. तेव्हा ही ऑपरेशनं पोट पूर्ण उघडून व्हायची, धोका जास्त होता, म्हणून रेषा वर आखली होती. आता जवळपास सगळी ऑपरेशनं दुर्बिणीतून होतात, धोका खूप कमी झालाय, पण बऱ्याच पॉलिसी अजून त्याच रेषेवर थांबल्यात.

डॉक्टर मात्र पुढे गेलेत. २०२२ मध्ये अमेरिकेतली बेरिअॅट्रिक सर्जनांची संघटना आणि जगभरातल्या संघटनांची मिळून असलेली आयएफएसओ या दोघींनी नवी गाइडलाइन काढली, त्यात ३५ च्या वर असेल तर सोबत दुसरा आजार असो नसो ऑपरेशन सुचवावं असं आहे, ३० ते ३५ मध्ये डायबिटीससारखा मेटाबॉलिक आजार असेल तर विचार करावा असं आहे, आणि आशियाई वंशाच्या लोकांसाठी तर २७.५ पासूनच ऑपरेशनचा पर्याय द्यावा असं म्हटलंय. कारण आपल्यासारख्या लोकांमध्ये तेवढ्याच वजनाला पोटाभोवती चरबी जास्त असते आणि डायबिटीस लवकर गाठतो. ताईच्या उंचीच्या बाईसाठी २७.५ म्हणजे साधारण ७० किलो, आणि ३५ म्हणजे जवळजवळ ९० किलो. मधले १९ किलो असा पट्टा आहे की जिथे सर्जन म्हणतो तुम्हाला ऑपरेशनचा फायदा होईल आणि इन्शुरन्स कंपनी म्हणते बसत नाही, आणि आपापल्या पुस्तकाप्रमाणे दोघं बरोबर असतात. मला हे अतिशय चुकीचं वाटतं, तीस वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनसाठी आखलेली रेषा आजच्या पेशंटला का लावायची, पण फाइल भरताना पॉलिसीतला आकडाच चालतो हे धरून चाला. म्हणून डॉक्टरांनी 'तुम्ही योग्य पेशंट आहात' म्हटलं की लगेच तारीख ठरवू नका, कंपनी काय म्हणते हा प्रश्न अजून बाकी असतो.

सोबतचा आजार या अटीत तर घोडं हमखास अडतं. लोकांना वाटतं गुडघे दुखतात, बीपी आहे, दम लागतो, एवढं पुरेल. काही पॉलिसींमध्ये पुरतं, काहींमध्ये नाही. भारताच्या त्या कलमात चारच आजार आहेत, लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप अॅप्निया म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार आणि आटोक्यात नसलेला टाइप २ डायबिटीस. गुडघे त्यात नाहीत, बीपी नाही, फॅटी लिव्हरही नाही. उलट मेडिकेअरच्या नियमात लठ्ठपणाशी संबंधित किमान एक आजार एवढंच लिहिलंय. म्हणजे तोच पेशंट एका ठिकाणी बसतो आणि दुसरीकडे नाही.

आणि विशेषणं डोळ्यात तेल घालून वाचा. 'तीव्र' स्लीप अॅप्निया म्हणजे नुसतं घोरणं नाही, घरच्यांनी सांगितलेलं की हिचा श्वास झोपेत थांबतो तेही पुरत नाही, रात्रभर मशीन लावून स्लीप स्टडी करावी लागते आणि त्यात तासाला किती वेळा श्वास अडला त्याचा आकडा येतो, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. २८ आला तर तो 'तीव्र'मध्ये मोजला जात नाही. तसंच 'आटोक्यात नसलेला' डायबिटीस. इथे एक विचित्र पेच आहे. ऑपरेशन सुरक्षित व्हावं म्हणून सर्जन आधी शुगर खाली आणायला लावतात, औषधं वाढवतात, इन्सुलिन चालू करतात, आणि मग फाइलमध्ये जो ताजा एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारा रिपोर्ट, जातो तो इतका छान दिसतो की कंपनीचा माणूस म्हणतो हा तर आटोक्यात आहे. त्यासाठी मागच्या दोन-तीन वर्षांचे सगळे एचबीए१सी तारखेप्रमाणे लावा, कुठल्या तारखेला कुठलं औषध वाढलं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, म्हणजे दिसतं की आकडा खाली आलाय तो चार औषधांच्या जोरावर. ताईच्या फाइलमध्ये आम्ही असाच एक पानभर तक्ता जोडला होता, तारीख, आकडा, औषध, बस तीन रकाने, आणि तिच्या डॉक्टरांनी खाली सही केली.

आता सगळ्यात त्रासाची अट, आधी केलेले प्रयत्न.

उंची दुरुस्त करून फाइल परत पाठवली तर दुसरं पत्र आलं, वजन कमी करण्याच्या प्रयत्नांचा पुरावा नाही. ताई ते वाचून रडली. बारा वर्षं तिने काय काय केलं नव्हतं, सकाळचं चालणं, जिम, दोन डाएटिशियन, एकदा तर महिनाभर नुसत्या सूपवर राहून चक्कर येऊन पडली होती. आणि फॅमिली डॉक्टरांच्या कागदांवर बारा वर्षांत काय होतं तर दर वेळी एकच ओळ, वजन कमी करायचा सल्ला दिला. सल्ला दिला एवढंच, तिने काय केलं, किती उतरलं, परत किती चढलं, काहीच नाही. डॉक्टर वाईट नव्हते, रोज साठ पेशंट बघणारा माणूस कुठे एवढं लिहिणार, पण भोगावं लागलं तिला.

शेवटी कपाटाच्या तळाशी पहिल्या डाएटिशियनची छोटी वही सापडली. दर पंधरा दिवसांनी त्या बाईंनी वजन लिहून तारीख टाकून सही केली होती, ९६, ९४, ९१, ८८, मग तीन महिने कोरे, मग ९३. ती वही, जिमच्या पावत्या, वजनाच्या औषधाचं एक जुनं प्रिस्क्रिप्शन, असं जमवून फॅमिली डॉक्टरांना दाखवलं आणि त्यांनी त्यावरून सविस्तर इतिहास लिहून दिला. वजन खाली येऊन परत वर गेलेलं दिसणं, हे कंपनीच्या भाषेत 'सौम्य उपाय अयशस्वी' आहे. आपल्याला ती नामुष्की वाटते आणि आपण असे कागद फेकून देतो. फेकू नका.

बऱ्याच ठिकाणी, खासकरून अमेरिकेतल्या खासगी इन्शुरन्समध्ये, जुना इतिहास चालत नाही, ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली सलग तीन किंवा सहा महिन्यांचा वजनाचा प्रोग्रॅम करावा लागतो. सलग हा शब्द महत्त्वाचा, दर महिन्याला भेट हवी, मध्ये एक महिना चुकला तर काही कंपन्या परत पहिल्यापासून मोजतात. आणि प्रत्येक भेटीच्या नोटमध्ये तारीख, त्या दिवशीचं वजन, काय खायला सांगितलं, व्यायाम काय, मागच्या महिन्याचं पाळलं का, असं सगळं यायला हवं. भेट झाली पण नोटमध्ये फक्त खोकल्याचं औषध लिहिलंय तर ती भेट मोजली जात नाही. म्हणून भेटीच्या शेवटी डॉक्टरांना नम्रपणे म्हणा की आज वजनाबद्दल बोललो ते लिहा आणि मला कॉपी द्या. लाजायचं अजिबात कारण नाही.

यात आणखी एक खड्डा आहे. समजा ताईला सहा महिन्यांचा प्रोग्रॅम करायला लावला असता आणि तिने मन लावून तीन किलो कमी केले असते तर ८९ किलोला तिचा बीएमआय येतो ३४.८, म्हणजे अट पूर्ण करता करताच ती अटीच्या बाहेर. आणि उलट त्या काळात वजन वाढलं तर कंपनी म्हणते पेशंटने मनावर घेतलं नाही. त्यामुळे प्रोग्रॅम सुरू करायच्या आधीच कंपनीला लेखी विचारा की कुठल्या तारखेचं वजन धरणार, पहिल्या दिवसाचं की अर्जाच्या दिवसाचं, आणि उत्तर लेखीच घ्या. काही कंपन्या पहिल्या दिवसाचं धरतात, काही नाही. अमेरिकेतल्या सर्जनांच्या संघटनेने २०१६ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली की इन्शुरन्सने लादलेल्या या वजन कमी करायच्या सक्तीला शास्त्रीय आधार नाही आणि यामुळे उपचार लांबतात, लोक मध्येच सोडून देतात. माझंही तेच मत झालंय. बारा वर्षं धडपडलेल्या माणसाला अजून सहा महिने धडपडून दाखव म्हणायचं आणि तेवढ्यात त्याचे डोळे किंवा किडनी डायबिटीसने अजून खराब होऊ द्यायची, याला काही अर्थ नाही.

हे वाचून कोणाच्या मनात येईल की मग थोडं वजन वाढवूनच घेऊ म्हणजे आकड्यात बसू. कृपा करून करू नका. लिव्हर अजून चरबीने सुजतं आणि ते नेमकं पोटाच्या वरच्या भागावर असतं, दुर्बिणीतून ऑपरेशन करताना तेच आडवं येतं, म्हणून तर सर्जन शेवटचे दोन आठवडे खास लिव्हर आकसवायचं कमी कॅलरीचं डाएट देतात. शिवाय नोंदीत वाढत गेलेलं वजन दिसतंच.

मानसिक तपासणीची लोकांना उगाच भीती वाटते. ती पास-नापास अशी परीक्षा नसते. सायकॉलॉजिस्ट बघतात की ऑपरेशननंतर खाणं कायमचं बदलणार हे तुम्हाला समजलंय का, भरपूर खाऊन मग अपराधी वाटण्याचा आजार आहे का, दारूचं प्रमाण काय, डिप्रेशनवर उपचार चालू आहेत का, घरी साथ आहे का. डिप्रेशन आहे म्हणून ऑपरेशन नाकारलं जाईल असं समजून लपवू नका, उपचार चालू आहेत आणि तब्येत स्थिर आहे हे लिहून आलं की बहुतेक वेळा अडचण येत नाही, फार तर थोडं पुढे ढकलतात. सिगारेट, तंबाखू बंद करावीच लागते, काही ठिकाणी रक्त किंवा लघवीत निकोटिनची खूण तपासतात. थायरॉइड वगैरे हार्मोनमुळे वजन वाढलेलं नाही ना, त्याचे रिपोर्टही मागतात.

कुठलं ऑपरेशन आणि कुठे, हेही अटीत येतं. स्लीव्ह म्हणजे जठराचा साधारण पाऊण भाग काढून नळीसारखं उरवायचं, आणि बायपास म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला खाली जोडायची, ही दोन बहुतेक ठिकाणी मान्य आहेत. तोंडातून पोटात घालायचा फुगा किंवा एंडोस्कोपीने टाके घालून जठर लहान करायची नवी पद्धत, हे बऱ्याच कंपन्या अजून प्रायोगिक म्हणून नाकारतात. हॉस्पिटल नेटवर्कमधलं म्हणजे कंपनीशी करार असलेलं हवं, आणि नुसतं हॉस्पिटल नाही, सर्जन आणि भूल देणारे डॉक्टरही त्यात आहेत का ते वेगळं विचारा, कारण हॉस्पिटल नेटवर्कमधलं आणि भूलतज्ज्ञ बाहेरचे अशी बिलं अमेरिकेत २०२२ च्या आधी लोकांना नंतर यायची.

मग अर्ज. याला प्री-ऑथरायझेशन म्हणतात, म्हणजे ऑपरेशनच्या आधी कंपनीची लेखी परवानगी. अर्ज सर्जनच्या ऑफिसातून जातो, पण त्यात काय गेलं ते तुम्ही बघितल्याशिवाय जाऊ देऊ नका. यातला मुख्य कागद म्हणजे डॉक्टरांचं गरजेचं पत्र, आणि चांगलं पत्र कंपनीच्या अटींच्या क्रमाने लिहिलेलं असतं, पहिली अट अशी, पेशंटचा आकडा असा, पुरावा जोडपत्र एकमध्ये, दुसरी अट अशी, असं. वाचणाऱ्याला शोधावं लागू नये. ताईचं पहिलं पत्र दोन ओळींचं होतं, रुग्णाला मॉर्बिड ओबेसिटी (अतिलठ्ठपणा) आहे, ऑपरेशनची गरज आहे, सही. तिसऱ्या वेळचं पत्र दीड पानाचं होतं आणि त्यात उंची अनवाणी, भिंतीला टाच टेकवून मोजली हेसुद्धा लिहिलं होतं.

फोनवर 'हो, कव्हर आहे' म्हणाले तर ती परवानगी समजू नका, फोनवरच्या माणसाने फक्त पॉलिसीत हा फायदा आहे एवढं सांगितलेलं असतं, तुम्ही त्यात बसता का हे त्याने बघितलेलंच नसतं. लेखी मंजुरी हातात येईपर्यंत ऑपरेशन नको, आणि ती मंजुरी किती दिवस चालते तेही बघा, मुदत संपली तर परत अर्ज.

वेटिंग पिरियडचं विसरू नका. नवीन पॉलिसी घेतली आणि लगेच ऑपरेशन, असं फार क्वचित होतं. अमेरिकेत आधीपासून आजार आहे म्हणून तोंड फिरवायला २०१४ पासून बंदी आहे, पण भारतासारख्या ठिकाणी आधीच्या आजारासाठी थांबावं लागतं, २०२४ पासून ती मर्यादा जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली आहे. आणि पॉलिसी घेताना वजन, डायबिटीस, बीपी यातलं काहीही लपवू नका, एजंट म्हणाला कशाला लिहिता तरी लिहा. फॉर्मवर ७५ किलो आणि ऑपरेशनच्या कागदावर ११० असं निघालं तर या क्लेमचं सोडाच, पूर्ण पॉलिसीच धोक्यात येते.

नकार आला तर काय? पहिलं म्हणजे नेमकं कारण कुठल्या कलमाखाली दिलंय ते वाचा, नसेल दिलं तर लेखी मागा. बऱ्याचदा कारण अगदी बारीक असतं, एक रिपोर्ट राहिला, एक तारीख जुळत नाही, उंची चुकली. तेव्हा फक्त तेवढा कागद जोडून पाठवायचा, चिडून पाच पानी पत्र लिहायचं नाही, आम्ही पहिल्यांदा तेच केलं होतं आणि त्याला उत्तरसुद्धा आलं नाही. दुसरं, सर्जनला विनंती करा की कंपनीच्या डॉक्टरांशी थेट फोनवर बोलाल का, अशी सोय अनेक ठिकाणी असते आणि डॉक्टर डॉक्टरशी बोलले की जे पत्रात अडलेलं असतं ते कधी कधी दहा मिनिटांत सुटतं. त्यानंतर अपील. अमेरिकेत कंपनीकडे अपील करायला नकारापासून १८० दिवस मिळतात, आणि कंपनीने तेही फेटाळलं तर चार महिन्यांत बाहेरच्या स्वतंत्र तपासणीची मागणी करता येते, जिचा निकाल कंपनीला पाळावाच लागतो. भारतात आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करायची, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जायचं, कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षाच्या आत, त्याला फी नाही आणि वकील लागत नाही. तारखा पाळा, योग्य असलेला माणूस नुसती मुदत चुकली म्हणून हरतो हे फार वाईट आहे.

अपिलात पॉलिसीच्या अटींच्या सोबत हे ऑपरेशन कशासाठी करतात त्याचाही आधार द्या. स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांवर लोकांचा अभ्यास झाला, अर्ध्यांनी ऑपरेशन केलं, अर्ध्यांनी नेहमीचे उपचार घेतले, आणि २००७ मध्ये जे निष्कर्ष छापून आले त्यात ऑपरेशन केलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. सर्जनला हे सगळं माहीत असतं, त्यांना पत्रात घालायला सांगा.

मंजुरी मिळाल्यावर एक यादी अजून करून घ्या, ऑपरेशननंतरचं काय काय मिळणार. बी१२, लोह, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात आणि दर वर्षी रक्त तपासावं लागतं, गोळ्यांचा खर्च बहुतेक वेळा आपलाच असतो. वजन उतरल्यावर लोंबणारी कातडी काढायचं ऑपरेशन कॉस्मेटिक म्हणून नाकारतात, पण घडीत सारखं इन्फेक्शन होत असेल, मलमं लावूनही जात नसेल आणि ते फोटोंसकट डॉक्टरांच्या कागदावर असेल तर काही ठिकाणी मिळतं. पहिल्या ऑपरेशनमध्ये काही बिघाड झाला आणि परत करावं लागलं तर मिळतं का, नुसतं वजन परत वाढलं म्हणून करायचं झालं तर मिळतं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्ही विचारा, काही पॉलिसी आयुष्यात एकदाच असं लिहितात.

आणि डिस्चार्जच्या दिवशी ऑपरेशन नोटची सही-शिक्क्याची कॉपी मागून घ्या. ताईने घेतली, आणि त्या डाएटिशियनच्या जुन्या वहीसोबत एकाच पिशवीत ठेवली.